रिप्रोजेक्शन एरर ०.३ पिक्सेल, तरी चित्राचे कोपरे वाकडे: लेन्स डिस्टॉर्शनचं मॉडेल आणि दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९२० × १०८० चा वाइड अँगल कॅमेरा, चेसबोर्डचे वीसेक फोटो आणि ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीचं नेहमीचं कॅलिब्रेशन, म्हणजे फोटोंवरून लेन्सचे आकडे काढणं. फोकल लेंथ १४०० पिक्सेल आली, डिस्टॉर्शनचे (लेन्समुळे सरळ रेषा वाकण्याचे) रेडियल सहगुणक के१ उणे ०.३०, के२ अधिक ०.१०, के३ उणे ०.०५, टँजेन्शियल सहगुणक जवळपास शून्य. सरासरी रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे फोटोत सापडलेला बिंदू आणि मॉडेलने वर्तवलेला बिंदू यांतलं अंतर, ०.३ पिक्सेल. तरीही दुरुस्त केलेल्या चित्रात मधल्या रेषा सरळ दिसतात, चारही कोपऱ्यांत मात्र वाकतात, आणि अगदी बाहेरच्या कडेला चित्राची उलटी पट्टी उमटते. बोर्ड बहुतेक फोटोंत मधोमध आहे. सापडलेले सगळे बिंदू चित्राच्या मध्यापासून ८०० पिक्सेलच्या आत आहेत. अशा वेळी मॉडेल बदलून फिशआय (अतिविस्तृत दृश्यकोनाच्या लेन्सचं मॉडेल) घ्यावं का?

नको. या आकड्यांवरून तुमच्या लेन्सचा आडवा दृश्यकोन ८० अंशांच्या आसपास येतो. एवढ्याला साधं रेडियल मॉडेल पुरतं. अडचण आहे ती सगळे बिंदू ८०० पिक्सेलच्या आत असण्यात: बोर्ड जिथे कधी पोचलाच नाही, तिथेही आलेले सहगुणक खरे धरले गेले.

हे सहगुणक नेमकं काय करतात ते आधी पाहू, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. जगातला बिंदू कॅमेऱ्याच्या अक्षांवर मांडायचा, त्याच्या आडव्या-उभ्या निर्देशांकांना कॅमेऱ्यापासूनच्या खोलीने भागायचं. हे झाले नॉर्मलाइज्ड निर्देशांक. त्यांचं मध्यापासूनचं अंतर म्हणजे त्रिज्या र. रेडियल डिस्टॉर्शन बिंदूला त्याच दिशेत आत किंवा बाहेर सरकवतं. नवी त्रिज्या = र × (१ + के१ × र चा वर्ग + के२ × र चा चौथा घात + के३ × र चा सहावा घात). त्यानंतर फोकल लेंथने गुणून मुख्य बिंदूचे (लेन्सचा अक्ष चित्राला जिथे भेटतो त्या बिंदूचे) निर्देशांक मिळवले की पिक्सेल हाती येतो. के१ ऋण असेल तर बॅरल (रेषा बाहेर फुगतात), धन असेल तर पिनकुशन (रेषा आत दबतात). के१ आणि के२ विरुद्ध चिन्हांचे असले की मध्याजवळची बॅरल कडेकडे कमी होत जाते, कधी उलटीही फिरते. काही वाइड लेन्समध्ये आडवी रेषा मिशीसारखी दिसते ती यामुळेच. लेन्समधली भिंगं एका अक्षावर तंतोतंत बसलेली नसली की जो तिरकस सरकाव येतो, त्यासाठी पी१ आणि पी२. कॉनरेडीने १९१९ मध्ये याचं विश्लेषण केलं. ब्राउनने ते १९६६ आणि १९७१ मध्ये कॅमेरा कॅलिब्रेशनच्या व्यवहारात आणलं, म्हणून या मॉडेलला ब्राउन-कॉनरेडी म्हणतात. बोर्ड वेगवेगळ्या कोनांत धरून कॅलिब्रेशन करण्याची आजची रूढ पद्धत झांग यांच्या २००० सालच्या निबंधातून आली.

इथे दिशा लक्षात ठेवा, कारण असंख्य घोळ दिशेतूनच होतात. ओपनसीव्हीचं सूत्र डिस्टॉर्शन नसलेल्या बिंदूपासून डिस्टॉर्शन असलेल्या बिंदूकडे जातं. फोटोग्रामेट्रीच्या (फोटोंवरून मोजमाप करण्याच्या शास्त्राच्या) जुन्या परंपरेत उलट चालतं: मोजलेल्या बिंदूला दुरुस्ती लावून शुद्ध बिंदू काढतात. त्यामुळे एका सॉफ्टवेअरचे के१, के२ दुसऱ्यात जसेच्या तसे टाकता येत नाहीत. नुसतं चिन्ह उलटवूनही भागत नाही, कारण एका बहुपदीचा व्यस्त त्याच रूपातली बहुपदी नसतो. शिवाय काही ठिकाणी त्रिज्या पिक्सेलमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये धरलेली असते. आणि ओपनसीव्हीत क्रम के१, के२, पी१, पी२, के३ असा आहे; के३ पाचव्या जागी. रेडियल सहगुणक सलग देणाऱ्या साधनातून आकडे उचलले की के३ हमखास पी१ च्या जागी जाऊन बसतो.

आता तुमचे आकडे. फक्त के१ = उणे ०.३० आहे असं घटकाभर धरा. र वाढवत नेलं तर डिस्टॉर्टेड त्रिज्या आधी वाढते, पण र १.०५४ झाल्यावर वाढ थांबते आणि ती कमी होऊ लागते. हा वळणबिंदू काढायला विकलज शून्य ठेवायचं: १ − ०.९ × र चा वर्ग = ०. त्या ठिकाणी डिस्टॉर्टेड त्रिज्या ०.७०३, म्हणजे १४०० ने गुणून ९८४ पिक्सेल. तुमच्या चित्राची डावी-उजवी कड मध्यापासून ९६० वर आहे आणि कोपरा ११०१ वर. म्हणजे कडेचा मध्य कसाबसा आत बसतो आणि कोपरा या मॉडेलच्या आवाक्यातच नाही.

के२ = ०.१० जोडला की चित्र पालटतं. विकलज आता १ − ०.९ × र चा वर्ग + ०.५ × र चा चौथा घात. हा कुठेच शून्य होत नाही, त्यामुळे वळणबिंदू नाहीसा होतो. कोपऱ्यातला ११०१ वरचा पिक्सेल दुरुस्तीनंतर साधारण १३७० वर जातो. यात काही वावगं नाही.

के३ = उणे ०.०५ आत आला की वळणबिंदू परत येतो: र सुमारे १.१०८, डिस्टॉर्टेड त्रिज्या ०.७६४, म्हणजे १०७० पिक्सेल. कोपरा ११०१ वर, मॉडेलची मजल १०७० पर्यंत. शेवटचे तीसेक पिक्सेल कुठल्याच शुद्ध बिंदूशी जोडलेले नाहीत. १०७० च्या अलीकडे ताण प्रचंड वाढतो, म्हणून रेषा वाकतात. पलीकडे सूत्र उलट फिरतं आणि तेच पिक्सेल पुन्हा उलट्या क्रमाने घेतं. तुम्हाला दिसणारी उलटी पट्टी ती हीच.

कॅलिब्रेशनला हे कळलं का नाही? ८०० पिक्सेलवर शुद्ध त्रिज्या सुमारे ०.६४ आहे. तिथे के३ च्या पदाने बिंदू जेमतेम ३ पिक्सेल सरकतो, आणि त्यातलाही बराच भाग के१, के२ किंचित बदलून भरून काढता येतो. म्हणजे तुमच्या डेटाला के३ उणे ०.०५ काय, शून्य काय, फारसा फरक पडत नाही. त्रिज्या १.१ झाली की तेच पद १३६ पिक्सेल सरकवतं. ०.३ पिक्सेलचा एरर खरा आहे, पण तो फक्त ८०० च्या आतल्या बिंदूंबद्दल बोलतो. कोपऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि कोणत्याही सरासरी आकड्याने ते सांगावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

म्हणून पहिलं काम पुन्हा फोटो काढण्याचं. बोर्डवरचे बिंदू चित्राच्या चारही कोपऱ्यांत, शेवटच्या ३०-४० पिक्सेलपर्यंत पोचले पाहिजेत. साध्या चेसबोर्डने हे जवळपास अशक्य होतं, कारण त्याचे सगळे आतले बिंदू एका वेळी दिसले नाहीत तर ओळखच होत नाही. शारुको बोर्ड वापरा. त्याच्या पांढऱ्या चौकोनांत मार्कर असतात, त्यामुळे अर्धा बोर्ड चौकटीबाहेर गेला तरी उरलेले बिंदू आपापल्या क्रमांकासह सापडतात. वर्तुळांची जाळी टाळा. तिरक्या कोनात वर्तुळाचा लंबगोल होतो, लंबगोलाचा मध्य म्हणजे वर्तुळाच्या मध्याची प्रतिमा नव्हे, आणि डिस्टॉर्शन जास्त असेल तिथे ही चूक आणखी वाढते. नेमक्या ज्या जागेची माहिती हवी तिथेच ती फसवते.

फोटो ३० ते ५० पुरतात, पण प्रत्येकाला काही काम हवं. सगळे फोटो समोरासमोर धरून काढले तर फोकल लेंथ आणि बोर्डचं अंतर वेगळं काढता येत नाही: बोर्ड दुप्पट लांब आणि फोकल लेंथ दुप्पट, चित्र तेच. म्हणून बोर्ड ३० ते ४५ अंशांत तिरपा करा, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. काही फोटोंत कॅमेरा किंवा बोर्ड ९० अंशांत फिरवा; त्याने मुख्य बिंदू आणि पी१, पी२ यांची गल्लत कमी होते. काही फोटो चौकट भरेल इतक्या जवळून घ्या, पण फोकस सुटू देऊ नका. नंतर सगळे सापडलेले बिंदू एकाच रिकाम्या चित्रावर ठिपक्यांनी मांडा. कुठे पांढरी जागा राहिली ते एका नजरेत दिसतं, आणि ती राहिली असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

बोर्ड सपाट हवा. साध्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद ओलाव्याने पोक काढतो. तो पोक कॅलिब्रेशनच्या लेखी डिस्टॉर्शनच असतो आणि सहगुणकांत मुरतो. काच किंवा ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पत्र्यावर छापून घ्या. छापताना पानाला जुळवून घेण्याचा पर्याय बंद ठेवा, आणि छापल्यावर दहा चौकोनांची लांबी दोन्ही दिशांनी मोजा. काही प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने अर्धा-पाऊण टक्का कमी-जास्त छापतात. दोन्ही दिशांना सारखीच चूक असेल तर फक्त अंतरं बदलतात. असमान असेल तर आडवी आणि उभी फोकल लेंथ उगाच वेगळी येते. बोर्डभोवती निदान एका चौकोनाएवढी पांढरी किनार सोडा.

कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद, झूम बंद, स्थिरीकरण बंद. फोकस हलला की फोकल लेंथ आणि डिस्टॉर्शन दोन्ही हलतात. लेन्सला फोकस रिंग अडकवणारा स्क्रू असेल तर तो आवळूनच सुरुवात करा, नाहीतर आज काढलेले आकडे उद्याच्या कॅमेऱ्याचे नसतील. मोबाइलमधलं सॉफ्टवेअर बऱ्याचदा डिस्टॉर्शन आधीच काढून टाकतं. तिथे के१ जवळपास शून्य आला तर दचकू नका, पण ती दुरुस्ती बंद करता येत असेल तर करा. रोलिंग शटर असलेल्या (चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात हाताने हलवत काढलेले फोटो वापरू नका. बोर्ड टेकवून, हात काढून, मग फोटो.

बिंदू शोधण्यात एक बारीक खाच आहे. बिंदूची जागा पिक्सेलच्या अंशापर्यंत नेमकी करणाऱ्या ओपनसीव्हीच्या कॉर्नरसबपिक्स फंक्शनला खिडकीचा जो आकार देता तो अर्धा असतो. ११ दिलं की २३ × २३ पिक्सेलची खिडकी होते. मधल्या मोठ्या चौकोनांना ती चालते. पण बॅरल डिस्टॉर्शनने कडेचे चौकोन आक्रसलेले असतात, त्यात बोर्ड तिरपा. शेजारचा बिंदू १० पिक्सेलवर असेल तर खिडकी त्यालाही गिळते आणि उत्तर दोहोंच्या मधे कुठेतरी ओढलं जातं. अशा फोटोंसाठी ३ ते ५ द्या. सर्वांत लहान चौकोनाच्या बाजूच्या निम्म्याहून कमी, हा हिशेब कधी दगा देत नाही. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक रंगाचं डिस्टॉर्शन किंचित वेगळं असतं आणि कडेला तो फरक पिक्सेलभरही जातो, त्यामुळे अचूक मोजमापासाठी फक्त हिरव्या चॅनलवर बिंदू शोधणं चांगलं.

मग कॅलिब्रेशन पायरीपायरीने चालवा. ओपनसीव्ही काही न सांगता चालवलं तर पाचही सहगुणक काढतं. के३ नको असेल तर तो शून्यावर गोठवायचा पर्याय स्वतः द्यावा लागतो. आधी के१, के२ घेऊन के३, पी१, पी२ शून्यावर गोठवा. मग पी१, पी२ मोकळे करा. के३ सर्वांत शेवटी, आणि तोही एका अटीवर. विस्तारित कॅलिब्रेशन फंक्शन प्रत्येक सहगुणकाचं प्रमाण विचलन देतं. के३ चं मूल्य त्याच्या विचलनाच्या दोन-तीन पटींच्या आत असेल तर तुमचा डेटा त्याच्याबद्दल काही सांगू शकत नाही, काढून टाका. आठ सहगुणकांचं रॅशनल मॉडेल अंश आणि छेद दोहोंत बहुपदी ठेवतं. विस्तृत दृश्यकोनाला ते बरं पडतं, पण डेटाच्या बाहेर ते आणखी बेभरवशाचं असतं, कारण छेद शून्याजवळ जाऊ शकतो. सहगुणक काढल्यावर वळणबिंदू तपासणं हा पाच ओळींचा कोड आहे: शून्यापासून कोपऱ्याच्या शुद्ध त्रिज्येच्या थोडं पुढेपर्यंत र वाढवत न्या आणि डिस्टॉर्टेड त्रिज्या प्रत्येक पायरीला वाढते आहे का पाहा. हे प्रत्येक कॅलिब्रेशननंतर आपोआप चालायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पारख सरासरीवर करू नका. मध्यापासून शंभर-शंभर पिक्सेलची वलयं पाडा आणि प्रत्येक वलयातला एरर वेगळा काढा. बाहेरच्या वलयात तो वाढत असेल, किंवा उरलेल्या चुकांचे बाण सगळे आत नाहीतर सगळे बाहेर रोखलेले असतील, तर मॉडेल अपुरं आहे. बाण कसेही विखुरलेले असतील तर उरला आहे तो फक्त गोंगाट. एखाद्याच फोटोचा एरर इतरांच्या तिप्पट असेल तर तो हललेला असतो किंवा मार्करची चुकीची ओळख झालेली असते, तो गाळा. पण एरर कमी दिसावा म्हणून कडेचे फोटो गाळत बसलात तर जिथून निघालात तिथेच परत पोचाल.

खरी परीक्षा कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या गोष्टीवर. ब्राउनने १९७१ मध्ये वापरलेली ओळंब्याची पद्धत आजही तितकीच चांगली आहे. बारीक दोरा ताणून बांधा, तो चित्राच्या कडेकडेने आणि कोपऱ्यातून जाईल असा कॅमेरा धरा. दोऱ्यावरचे बिंदू सबपिक्सेल अचूकतेने शोधा, दुरुस्त करा, त्यांच्यातून सरळ रेषा बसवा आणि सर्वांत दूर पडलेला बिंदू रेषेपासून किती लांब आहे ते पाहा. चांगल्या कॅलिब्रेशनमध्ये हे अंतर अर्ध्या पिक्सेलच्या आत राहतं. दुसरी तपासणी: फोटोंचे दोन गट करून दोनदा कॅलिब्रेट करा. सहगुणकांची तुलना नको, ते एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे बरेच वेगळे येऊनही उत्तर तेच देतात. दोन्ही उत्तरांनी चित्रभरच्या जाळीवरचे बिंदू कुठे जातात आणि त्यांत किती पिक्सेलचा फरक पडतो, तो कोपऱ्यांत किती आहे, हे पाहा.

दुरुस्ती लावताना आधी ठरवा की चित्र हवं आहे की मोजमाप. मोजमाप हवं असेल तर अख्खं चित्र सरळ करू नका. मूळ चित्रातच बिंदू शोधा आणि फक्त त्या बिंदूंना अनडिस्टॉर्टपॉइंट्स लावा. चित्र सरळ करताना प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीतून नव्याने बनतो आणि कडेला ताणला जातो. धूसरपणा येतो तो आपणच घातलेला. हे फंक्शन शेवटचं कॅमेरा मॅट्रिक्स (फोकल लेंथ आणि मुख्य बिंदू यांचा तक्ता) दिलं नाही तर नॉर्मलाइज्ड निर्देशांक परत देतं. सगळे बिंदू ०.४, ०.२ असे आले म्हणून गोंधळून जाणारे खूप आहेत. मॅट्रिक्स द्या, पिक्सेल मिळतील. आत पुनरावृत्तीने व्यस्त काढलेला असतो आणि मूळ मर्यादा पाच फेऱ्यांची आहे. मध्याजवळ त्या पुरतात, जोरदार डिस्टॉर्शनच्या कोपऱ्यात पुरत नाहीत. थांबण्याचे निकष स्वतः द्या, वीस-तीस फेऱ्या. आलेलं उत्तर पुन्हा सूत्रातून पुढे नेऊन मूळ पिक्सेलवर येतं का ते पाहा.

व्हिडिओसाठी नकाशा एकदाच बनवा आणि प्रत्येक फ्रेमला रीमॅप करा. इथे व्यस्ताची गरजच पडत नाही: निकालाच्या प्रत्येक पिक्सेलसाठी विचारायचं की हा मूळ चित्रात कुठे होता, आणि त्याचं उत्तर सरळ सूत्रच देतं. नव्या कॅमेरा मॅट्रिक्सच्या फंक्शनमध्ये अल्फा ० ठेवला तर काळी किनार न येता चित्र कापलं जातं. १ ठेवला तर मूळचे सगळे पिक्सेल राहतात आणि कडेला काळे भाग दिसतात. सहगुणक वळत असतील तर उलटी पट्टी अल्फा १ वर सर्वांत ठळक दिसते. अल्फा ० करून ती लपवता येते, पण कोपऱ्यातली चूक तशीच राहते.

रिझोल्यूशन बदललं तर फोकल लेंथ आणि मुख्य बिंदू त्याच प्रमाणात बदला. के१ वगैरे तसेच राहतात, कारण ते नॉर्मलाइज्ड निर्देशांकांवर चालतात. पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर धरलेला असल्यामुळे मुख्य बिंदू बदलताना आधी ०.५ मिळवायचं, प्रमाणाने गुणायचं, मग ०.५ वजा करायचं. कापलेल्या चित्रात फक्त मुख्य बिंदूतून कापलेला भाग वजा होतो. कॅमेरा वेगळ्या रिझोल्यूशनला सेन्सरचा वेगळा भाग वापरत असेल तर नुसतं प्रमाण लावून चालणार नाही. त्या मोडमध्ये स्वतंत्र कॅलिब्रेशन करा.

फिशआय मॉडेल केव्हा? पूर्ण दृश्यकोन १२० अंशांपुढे गेला की. साधं मॉडेल त्रिज्या म्हणून कोनाचा टॅन वापरतं. अक्षापासून ६० अंशांवर तो १.७३ असतो, ८० वर ५.६७, ९० वर अनंत. अशा आकड्यांचे सहावे घात घेऊन काही स्थिर राहत नाही. कन्नाला आणि ब्रांट यांच्या २००६ च्या मॉडेलमध्ये बहुपदी थेट कोनाची असते, म्हणून ९० अंशांपलीकडेही ती चालते. ओपनसीव्हीचं फिशआय मॉड्यूल त्याच धर्तीवर चार सहगुणक वापरतं. मात्र ते फिशआयचं चित्र सपाट करायला गेलात तर टॅनची अडचण निकालात परत येतेच. ६० अंशांवर सपाट चित्र मध्याच्या तुलनेत त्रिज्येच्या दिशेने ४ पट आणि तिला काटकोनात २ पट ताणतं. कडेचा चेंडू त्यामुळे अंड्यासारखा दिसतो. डिस्टॉर्शन पूर्ण गेल्यावरही तो तसाच दिसणार, कारण ताण सपाट प्रक्षेपणाचा आहे. सहगुणक कितीही बदलले तरी तो जात नाही. तो नको असेल तर दंडगोलाकार प्रक्षेपण घ्या, किंवा एका फिशआयमधून वेगवेगळ्या दिशांना रोखलेली तीन-चार सपाट चित्रं काढा आणि प्रत्येकाचा दृश्यकोन ९० अंशांच्या आत ठेवा.